बैलगाडीतून घरी, काचेतून घरोघरी

कोयनानगरच्या धरणातल्या पाण्याला दोन वाटा आहेत बरं का! एक वाट डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळीकडे जाते. तिथं पाणी जोरात कोसळतं, चाकं गरगरा फिरतात आणि वीज तयार होते. दुसरी वाट पूर्वेला, पाटणवरून कराडला. तिथं कोयना कृष्णेला मिळते. कराडला लागूनच गोळेश्वर हे गाव. १५ जानेवारी १९२६ रोजी तिथं जन्मले खाशाबा जाधव.

खाशाबा अंगानं लहानखुरे, पण कुस्तीत चपळ! १९५२ साली ऑलिंपिकला हेलसिंकीला जायचं, तर पैसे कुठे होते? गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी तर स्वतःचं घर गहाण टाकलं. हेलसिंकीत खाशाबांच्या वजनगटात जपानचा शोहाची इशी होता, मूळचा ज्यूदो खेळणारा. सुवर्णपदक त्यानं नेलं आणि खाशाबांनी कांस्य मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

खाशाबा परतले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांची वाट, पण त्या दिवशी सात तास लागले, असं सांगतात.

आता गंमत पाहा. खाशाबा १९८४ साली वारले. पण १५ जानेवारी २०२३ला, त्यांच्या ९७व्या जन्मदिनी, गूगलच्या पहिल्याच पानावर त्यांचं चित्र! फोन उघडला की समोर खाशाबा. हे चित्र इतक्या घरांत पोचलं कसं?

काचेतून! जमिनीखाली आणि समुद्राच्या तळाशी केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा टाकलेल्या असतात. चित्राचे आधी आकडे होतात, नुसते ० आणि १. मग त्या आकड्यांप्रमाणे प्रकाश लुकलुकत तारेतून धावतो. किती वेगानं? सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. म्हणजे 'एक' म्हणेपर्यंत पृथ्वीला पाच फेऱ्या! शेवटचा टप्पा टॉवरपासून फोनपर्यंत. तो रेडिओलहरी पार करतात.

आणि हे चित्र पाहून एकानं दोघांना सांगितलं, त्या दोघांनी प्रत्येकी आणखी दोघांना, तर? २, ४, ८, १६... वहीत करत जा. विसाव्या पायरीला आकडा दहा लाखांच्या पुढे जातो!

पण काचेची तार वळली तरी प्रकाश बाहेर का सांडत नाही? करूनच पाहू. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीला तळाजवळ मोठ्या माणसाकडून छोटं भोक पाडून घ्या. भोकावर बोट ठेवून बाटली पाण्यानं भरा. खोलीत अंधार करा, भोकाच्या समोरच्या बाजूनं बॅटरीचा झोत टाका आणि बोट काढा. पाण्याची धार वाकडी पडेल, आणि प्रकाशही तिच्यासोबत वळत खाली येईल! तो सरळच जातो, पण धारेच्या आतल्या कडांवर आपटून पुन्हा आत फिरतो. याला म्हणतात पूर्ण आंतरिक परावर्तन. काचेच्या तारेतही हेच घडतं.

बाटली कोयनानगरच्या नळावर भरलीत, तर पाणी बहुधा कोयनेचंच. धारेखाली तळहात धरा. त्यावर उजेडाचा ठिपका दिसला ना? अशाच लुकलुकत्या ठिपक्यांतून खाशाबा तुमच्या फोनवर आले होते.