दुकानातली टोपी डोक्यावर घालून बघावी का?

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत किंवा कळंगुटच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोप्यांचे ढीगच्या ढीग टांगलेले असतात. पोरं एकामागून एक टोप्या डोक्यावर चढवत असतात आणि मागून आई ओरडते, "अरे, नको घालूस, कुणाकुणाच्या डोक्यातून आलेली असेल!" थंडीत तिबेटी स्वेटरवाल्यांकडे कानटोपी घेतानाही तीच धास्ती असते. टोपी अंदाजाने घेतली तर डोक्यात बसत नाही, आणि घालून बघावी तर उवा, नायटा, कोंडा, असलं काहीतरी घरी येईल अशी भीती. या भीतीत खरं किती आणि ऐकीव किती, हे सुटं करून पाहण्यासारखं आहे. ती काही ठिकाणी अगदी रास्त आहे, पण बहुतेकदा चुकीच्या जागी खर्च होते.

उवा टोपीतून येतात का?

सर्वांत मोठी भीती उवांची, म्हणून आधी त्यांच्याविषयी. डोक्यातली ऊ तिळाएवढी, दोन ते तीन मिलिमीटरची असते. तिला पंख नसतात आणि उडी मारता येते असे पायही नसतात. तिला फक्त चालता येतं. केसांवरून मात्र ती भराभर चालते, मिनिटाला वीसेक सेंटिमीटर. तिच्या पायांच्या नख्या माणसाचा केस पकडण्यासाठीच घडलेल्या असतात. तिला दिवसातून अनेकदा रक्त लागतं आणि टाळूची ऊबही लागते. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. लिखा केसाच्या बुडाशी, टाळूपासून काही मिलिमीटरवर, घट्ट चिकटवलेल्या असतात. गळून पडलेल्या केसावर लीख सापडली, तरी ती उबेवाचून सहसा फुटत नाही.

यावरून एक गोष्ट उघड होते. धडधाकट उवेला डोकं सोडून टोपीत जाऊन बसण्याचं काहीच कारण नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात जेम्स कुक विद्यापीठाचे रिक स्पेअर आणि त्यांचे सहकारी यांनी हे प्रत्यक्ष तपासलं. तिथल्या कडक उन्हामुळे शाळेतली मुलं रोज टोपी घालतात, त्यामुळे तपासायला टोप्यांची कमतरता नव्हती. चार शाळांमधल्या सुमारे एक हजार टोप्यांमध्ये त्यांना एकही ऊ सापडली नाही, पण त्याच मुलांच्या डोक्यांत साडेपाच हजारांवर उवा होत्या. दुसऱ्या एका पाहणीत ११८ वर्गांमधल्या २,२३० मुलांच्या डोक्यांतून १४,०३३ उवा निघाल्या आणि वर्गांच्या जमिनीवर एकही नाही. उशांच्या बाबतीत मात्र उत्तर अगदी शून्य आलं नाही. उवा असलेल्या ४८ जणांच्या उशांचे अभ्रे तपासले, तेव्हा त्यांतल्या दोन अभ्र्यांवर जिवंत ऊ मिळाली. म्हणजे वस्तूंवरून ऊ येणं अशक्य नाही, पण फार विरळ आहे.

ऊ पसरते ती डोक्याला डोकं लागून. एका अंथरुणात झोपलेल्या बहिणी, एकाच पुस्तकात डोकं घालून बसलेल्या मैत्रिणी, मामाच्या गावी सुट्टीत गादीवर ओळीने झोपलेली भावंडं, तिथे उवांची खरी वाट असते. घरात सगळ्यांची एकच फणी असेल तर तीही आहे. मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या की दुकानातल्या टोपीला किंवा शाळेतल्या एखाद्या गरीब घरच्या मुलीला दोष देण्याआधी आपल्याच घरातली सगळी डोकी उजेडात बसून बघावीत. उवांचा अस्वच्छतेशी संबंध जोडणंही चूक आहे, कारण रोज धुतलेल्या केसांतही त्या तितक्याच सुखाने राहतात. "उवांची पोरगी" म्हणून वर्गात वेगळी बसवलेली मुलगी तो अपमान वर्षानुवर्षं विसरत नाही, आणि वेगळं बसवून कुणाच्याही उवा जात नाहीत.

उपाय साधा आहे. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे नेटाने फिरवायची, किंवा डॉक्टरांना विचारून परमेथ्रिनचं औषध लावायचं आणि आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा लावायचं. रॉकेल कधीही लावू नये. आजही काही घरांत ते डोक्याला चोळतात. त्याने कातडी भाजते, आणि जवळ चूल किंवा दिवा असेल तर जीवावर बेततं.

मग टोपीचं एवढं नाव खराब का?

या भीतीच्या मुळाशी दुसरी एक ऊ असावी, अंगावरची. ती कपड्यांच्या शिवणींत राहते आणि प्रलापक ज्वर म्हणजे टायफस पसरवते. ट्यूनिसमध्ये काम करणाऱ्या शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये हे सिद्ध केलं आणि १९२८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. युद्ध, छावण्या, तुरुंग अशा ठिकाणी, जिथे महिनोन्‌महिने अंगावरचे कपडे बदलता येत नाहीत, तिथे या उवेने माणसं मारली आहेत. परक्याच्या कपड्याला हात लावू नये हा धाक तिथे खराच होता. डोक्यातली ऊ त्रास देते, खाज आणते, खाजवून जखमा होतात, पण ती असा रोग पसरवत नाही. दोन्ही उवा एकच समजल्या गेल्या, की टोपीकडेही लोक त्याच धाकाने पाहू लागतात.

नायटा: इथे मात्र खरं लक्ष हवं

टोपीबद्दल काळजी करायचीच असेल, तर ती डोक्यातल्या नायट्याची करावी, आणि तीही मुलांसाठी. ही बुरशी केसात आणि टाळूच्या कातडीत शिरते. मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा पडतो, खवले सुटतात, केस मुळाशी तुटून काळे ठिपके दिसतात. कधी तो भाग सुजून पू होतो आणि गळवासारखा दुखतो. तुटलेल्या केसांवर आणि गळालेल्या खवल्यांवर या बुरशीचे बीजाणू महिनोन्‌महिने टिकू शकतात. उवेला लागते तशी उबेची आणि रक्ताची गरज त्यांना नसते. म्हणूनच फणी, केस कापायचं मशीन, उशी आणि टोपी या वस्तूंवरून नायटा खरोखर जाऊ शकतो. मांजर-कुत्र्यांकडूनही तो मुलांना होतो.

मोठ्या माणसांना डोक्यातला नायटा क्वचित होतो. वयात आल्यावर टाळूवर जो तेलकट स्राव सुटतो, त्यातली आम्लं या बुरशीला रोखतात. म्हणून एकाच ढिगातली टोपी बापाने आणि सात वर्षांच्या मुलाने घालून पाहिली, तर दोघांचा धोका सारखा नसतो. तरीही दुकानातल्या नव्या टोपीपेक्षा मुलांची अदलाबदल केलेली, रोज वापरातली टोपी जास्त धोक्याची. आणि त्याहून धोक्याची म्हणजे केशकर्तनालयातली न पुसलेली मशीन. जावळ काढताना किंवा देवस्थानी मुंडन करताना एकाच पात्याने ओळीने डोकी भादरली जातात, तिथे तर प्रत्येक मुलासाठी नवं पातं मागून घ्यावं. तिथे प्रश्न फक्त नायट्याचा नसतो, रक्तातून पसरणाऱ्या काविळीचाही असतो.

डोक्यातला नायटा मलमाने बरा होत नाही. औषध केसाच्या मुळापर्यंत पोहोचावं लागतं, त्यासाठी काही आठवडे पोटात गोळी घ्यावी लागते, आणि ती डॉक्टरच ठरवतात. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली, स्टिरॉइड मिसळलेली मलमं तर अजिबात लावू नयेत. खाज दोन दिवसांत थांबते आणि खाली बुरशी पसरत जाते. अंगावरच्या नायट्याच्या बाबतीत आपल्या देशाने हे भोगलं आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी एक बुरशी इथे इतकी फोफावली, की २०२० मध्ये तिला दिलेल्या शास्त्रीय नावातच भारत आला: ट्रायकोफायटन इंडोटिनी. अशा मलमांचा बेसुमार वापर हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

कोंडा, चाई, खरूज

कोंड्याशी संबंध असलेली बुरशी जवळजवळ प्रत्येकाच्या टाळूवर आधीपासूनच असते. दुसऱ्याची टोपी घालून कोंडा "लागत" नाही.

चाईबद्दल तर फार गैरसमज आहे. डोक्यावर किंवा दाढीत अचानक गोल, गुळगुळीत टक्कल पडतं, तेव्हा किड्याने केस खाल्ले असं म्हणतात. तसा किडा नसतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते, म्हणून चाई पडते. ती एकाची दुसऱ्याला होत नाही, टोपीतून नाही आणि फणीतूनही नाही. चाई पडलेल्या माणसाची टोपी चिमटीत धरून बाजूला ठेवणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावं.

खरूज सहसा बराच वेळ अंगाला अंग लागून होते, आणि मोठ्यांच्या टाळूवर ती फारशी दिसत नाही. क्षणभर घातलेल्या टोपीतून ती येण्याची शक्यता नगण्य आहे.

खरा प्रश्न वेळेचा आणि घामाचा

दुकानातली टोपी डोक्यावर अर्धा मिनिट राहते. त्याआधी ती कुणी घातली असेल तर तीही तेवढीच. याउलट भाड्याने दिलेलं हेल्मेट किंवा लग्नात वऱ्हाडाला वाटलेले तयार फेटे बघा. गोव्यात पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाल्या पायलटच्या मागे बसताना, किंवा शहरात बाइक टॅक्सी घेताना जे हेल्मेट हातात येतं, ते दिवसभरात अनेक डोक्यांवर घामासकट बसलेलं असतं. पावसाळ्यात आतली गादी वाळतच नाही. भाड्याचे फेटे एका मुहूर्तावरून दुसऱ्या मुहूर्तावर जातात, आणि मधे ते धुतले जातात की नुसते झटकून घडी घालतात, हे कुणी विचारत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातले भाड्याचे मुकुट, टोप आणि केसांचे विगही याच रांगेतले, आणि ते घालणारी डोकी तर लहान मुलांची असतात.

म्हणून हेल्मेट नाकारायचं नाही. रस्त्यावर डोकं फुटण्याचा धोका उवा-नायट्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. उपाय एवढाच, की एक पातळ सुती टोपी किंवा मोठा रुमाल पिशवीत ठेवावा, आधी तो डोक्याला गुंडाळावा आणि वर हेल्मेट घालावं. घरी आल्यावर तो धुवायला टाकावा. फेट्याचं म्हणाल, तर कोरं कापड आणून डोक्यावर बांधून घेणं उत्तम. ते जमत नसेल तर फेटा धुऊन मिळेल का, हे ठरवतानाच स्पष्ट विचारावं.

दुकानात गेल्यावर

आधी डोकं मोजून जावं. शिंप्याची टेप कपाळावर भुवयांच्या बोटभर वर, कानांच्या किंचित वर आणि मागे डोकं जिथे सर्वांत फुगीर आहे तिथून फिरवायची. जो आकडा सेंटिमीटरमध्ये येतो, तोच बहुतेक हॅटचा नंबर. ५६ आलं तर ५६, आणि इंचात हवं असेल तर ते साधारण २२. दहा टोप्या घालून बघायची वेळच येत नाही. लंडनमध्ये १६७६ पासून चालू असलेल्या लॉक अँड कंपनीसारख्या दुकानांत गिऱ्हाइकाच्या डोक्याचा आकार एका यंत्राने कागदावर टोचून घेण्याची जुनी पद्धत आहे. टोपीवाल्यांनीच मापाला किती महत्त्व दिलं, ते यावरून कळतं.

घालून बघायचीच तर टोपी आधी उलटी करून आतली पट्टी बघा. तेलाचा डाग, कुंकवाची रेघ, पावडरचा थर, अडकलेला केस, घामाचा वास, यातलं काही दिसलं तर ती बाजूला ठेवून गठ्ठ्यातली खालची मागा. स्वतःचा रुमाल डोक्यावर ठेवून वर टोपी घातली तरी माप चांगलं कळतं. हे करताना लाजू नये, चांगला दुकानदार त्याला आक्षेप घेत नाही. आणि आपल्या मुलाच्या डोक्यात नायटा किंवा उवा असतील, तर ते पूर्ण बरं होईपर्यंत त्याला दुकानातल्या टोप्या घालू देऊ नयेत. आपण दुसऱ्यांकडून जी अपेक्षा करतो, ती आधी आपण पाळायला हवी.

घरी आणल्यावर

खादीची किंवा सुती टोपी गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून इस्त्री केली की बहुतेक काळजी संपते. ५५ अंशांच्या आसपासच्या तापमानाला काही मिनिटांत उवाही मरतात आणि लिखाही. लोकरीची कानटोपी गरम पाण्यात आटते, आणि गवताची किंवा फेल्टची हॅट धुता येत नाही. उवांची शंका असेल तर अशा टोप्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे ठेवून द्याव्यात. इतके दिवस खरं तर लागत नाहीत, पण त्याने मन निश्चिंत होतं. नायटा झालेल्या मुलाची न धुता येणारी टोपी मात्र सरळ टाकून द्यावी, आणि त्याची फणी-कंगवाही.

दुकानदारांना विनंती

टोप्या विकणाऱ्यांनी, फेटे आणि पोशाख भाड्याने देणाऱ्यांनी, बाइक टॅक्सी चालवणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. काउंटरवर मापाची टेप ठेवावी. घालून बघणाऱ्याला किंवा हेल्मेट घेणाऱ्याला न विणलेल्या कापडाची पातळ, एकदाच वापरायची टोपी द्यावी, ती घाऊक बाजारात फार स्वस्त मिळते. आणि भाड्याची प्रत्येक डोक्यावरची वस्तू पुढच्या गिऱ्हाइकाला देण्याआधी धुवावी, किंवा निदान उन्हात पूर्ण वाळवावी. गिऱ्हाइकांनीही हे मागायला सुरुवात करावी, विशेषतः शाळेच्या स्नेहसंमेलनाआधी. मुलांच्या डोक्यावर भाड्याचा टोप चढवण्यापूर्वी तो धुतलेला आहे का, हे पालकांनी शिक्षकांना नक्की विचारावं.