छत्री मोठी नको, नेमकी हवी

मुकुटबनच्या गल्लीत उभे राहून छपरांकडे पाहिले, तर डीटीएचच्या छत्र्या दक्षिण ते आग्नेय या बाजूला तोंड करून असलेल्या दिसतील. टीव्हीचे आपले उपग्रह त्या बाजूच्या आकाशात आहेत. यातली एखादी बिनकामाची छत्री पश्चिमेकडे वळवली, तर युरोप, आफ्रिका आणि ब्राझीलमधल्या हौशी रेडिओचालकांच्या गप्पा घरबसल्या ऐकता येतात.

ही सोय ‘क्यूओ-100’मुळे झाली. 15 नोव्हेंबर 2018 रोजी कतारचा ‘एस-हेल-2’ हा दूरसंचार उपग्रह अवकाशात गेला. त्याच्यावर हौशी रेडिओसाठी खास यंत्रणा बसवली आहे, तिचे हे नाव. उपग्रह भूस्थिर असल्याने आकाशात एकाच जागी दिसतो. डिश एकदा नीट बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही.

आधी उपग्रह ठरवा

डिश घेण्यापूर्वी काय ऐकायचे ते ठरवावे, कारण प्रत्येक उपग्रहाला डिश लागतेच असे नाही. ‘इस्रो’ने 5 मे 2005 रोजी सोडलेला ‘हॅमसॅट’ 145 मेगाहर्ट्झवर बोलत असे. अंतराळ स्थानकावरचा हॅम रेडिओही त्याच पट्ट्यात ऐकू येतो. तिथे लहरीची लांबी सुमारे दोन मीटर असते. डिशचा व्यास लहरीच्या कितीतरी पट असावा लागतो. त्यामुळे इथे साठ सेंटिमीटरची छत्री निरुपयोगी ठरते आणि हातात धरायचा साधा यागी अँटेना बाजी मारतो. क्यूओ-100 मात्र 10,489 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो. त्याची लहर तीन सेंटिमीटरहूनही आखूड आहे. डिशचे काम इथे.

मोठी म्हणजे चांगली?

व्यास दुप्पट केला की डिश चौपट ऊर्जा गोळा करते. पण तिची नजरही तेवढीच अरुंद होते. साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर तीन अंशांहून थोडी जास्त, तर 120 सेंटिमीटरच्या डिशची दीड-पावणेदोन अंश. वादळी वाऱ्याने मोठी डिश एका अंशाने हलली, तरी आवाज पडतो. क्यूओ-100वरचे बोलणे ऐकायला साठ ते नव्वद सेंटिमीटर पुरतात. पावसाळ्यातही ऐकायचे असेल तर नव्वदची बरी. त्यावरचे हौशी टीव्ही प्रसारण पाहायचे असेल, तरच त्याहून मोठी घ्यावी.

केबलवाल्यांकडची जुनी आठ फुटी जाळीची डिश स्वस्तात मिळते, म्हणून मोह होतो. इथे नारायणगावजवळच्या खोडद येथील दुर्बिणीचे उदाहरण घेता येईल. तिथल्या ‘जीएमआरटी’च्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश तारेच्या जाळीच्याच आहेत. पण त्या पकडतात त्या लहरी वीस सेंटिमीटर आणि त्याहून लांब. भोक लहरीच्या दहाव्या हिश्श्याहून लहान असेल, तर जाळी लहरीला पत्र्यासारखीच वाटते. क्यूओ-100साठी हा हिशेब तीन मिलिमीटरच्याही आत येतो. त्यामुळे सलग पत्र्याची, पोचे न पडलेली छत्रीच निवडावी.

छत्रीपुढच्या ‘एलएनबी’कडेही लक्ष द्यावे. त्यावर 9750 हा आकडा असायला हवा. मग उपग्रहाचा संदेश सुमारे 740 मेगाहर्ट्झवर उतरतो आणि यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या एसडीआर रिसीव्हरने संगणकावर ऐकता येतो. फक्त 10600 लिहिलेला एलएनबी इथे चालत नाही. एलएनबीला वीज केबलमधूनच जाते. ती रिसीव्हरमध्ये शिरू नये म्हणून मध्ये ‘बायस-टी’ लावावा.

नेम कसा धरायचा

मुकुटबनहून हा उपग्रह पश्चिमेच्या 14 अंश दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे 27 अंश वर आहे. डीटीएचची छत्री तिरकस नेमाची असल्याने तिचा पत्रा जवळजवळ उभा दिसेल. तो जमिनीकडे पाहतोय असे वाटले तरी घाबरू नये. एलएनबी मात्र 65 अंशांच्या आसपास फिरवावा लागतो, तो आवाज स्वच्छ होईपर्यंत सावकाश फिरवावा. त्या दिशेला वीस मीटरवर दहा मीटर उंचीचे झाड असले, तर ते आड येते.

जागा तपासायला सूर्य मदत करतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी साडेचारच्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला चारच्या सुमारास तो जवळपास या उपग्रहाच्या जागी असतो. त्या वेळी डिशच्या जागेवर सावली पडली, तर जागा बदलावी. सूर्याकडे पाहू नये, सावलीच पाहावी.

छपरावर चढण्याआधी

वाचलेल्या पैशांपेक्षा जीव मोलाचा. विजेच्या तारांपासून दूर जागा निवडावी, खांबाला अर्थिंग करावे. ढग गडगडू लागले की छपरावरून खाली उतरावे. केबल वादळ यायच्या आधीच काढून ठेवावी, गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये. आणि बोलायची हौस झाली, तर आधी केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो.

तोवर कान लावून बसायला हरकत नाही. त्या आवाजाने शेवटच्या टप्प्यातच सुमारे 39 हजार किलोमीटर कापलेले असतात, आणि तो झेलायला छपरावरची जुनी छत्री पुरते.