जुन्या गाडीला जाड ऑइल? जरा थांबा

सिरुसेरीत आमच्या सोसायटीत नागपूरचा एक मुलगा राहतो, इथल्या आयटी पार्कात नोकरीला आहे. त्याने नुकतीच बारा वर्षांची पेट्रोल गाडी घेतली. परवा लिफ्टमध्ये त्याने विचारलं, "कर्नल काका, मेकॅनिक म्हणतो वीस-पन्नास टाका, दुकानदार म्हणतो फुल सिंथेटिक पाच-तीस. टाकू काय?" मी म्हटलं, आधी गाडी ऑइल किती खाते ते बघ. तो म्हणाला, "ते कसं बघायचं?" म्हणून आजचा विषय हा.

आधी डब्यावरच्या आकड्यांचा उलगडा करू. 5डब्ल्यू-30 मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा सांगतो की थंडीत ऑइल किती वाहतं राहील. 5डब्ल्यूची चाचणी वजा 30 अंशांवर होते, 20डब्ल्यूची वजा 15 वर. लेहला असताना मी हा आकडा अनुभवाने शिकलो. रात्री पारा वजा वीसच्या खाली गेला की चुकीच्या ऑइलची गाडी सकाळी स्टार्टरला दाद देत नसे. चेन्नईत जानेवारीची पहाटसुद्धा वीस अंशांच्या आसपास असते. इथे ऑइल गोठणार नाही, मग पहिला आकडा कशाला बघायचा, असं वाटेल. पण तो इथेही उपयोगाचा आहे, कसा ते पुढे येईलच.

दुसरा आकडा म्हणजे 100 अंशांवर ऑइल किती दाट राहतं ते. बहुतेक लोक इथे चुकतात. "चेन्नईची गर्मी आहे, जाड ऑइल हवं" असं सर्रास ऐकू येतं. पण इंजिन एकदा तापलं की थर्मोस्टॅट पाण्याचं तापमान नव्वदीच्या आसपास धरून ठेवतो, मग बाहेर लेह असो की चेन्नई. मे महिन्यात ओएमआरच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून अर्धा तास अडकलात तर ऑइल थोडं जास्त तापतं, हे खरं. पण त्यासाठी तीसवरून थेट पन्नासवर उडी मारायचं कारण नाही.

आता पहिल्या आकड्याकडे परत. साधारण 5डब्ल्यू-30 ऑइल 40 अंशांवर मोजलं तर ते 100 अंशांपेक्षा सहापट दाट असतं. 20डब्ल्यू-50 त्याच 40 अंशांवर 5डब्ल्यू-30 च्याही अडीचपट दाट भरतं. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर हे दाट ऑइल बारीक वाटांतून कॅमशाफ्टपर्यंत चढायला वेळ घेतं, आणि झीज सर्वांत जास्त त्याच काळात होते. जुन्या अँबेसेडरला, प्रीमियर पद्मिनीला जाड ऑइल चालायचं, कारण आतले भाग सैल बसवलेले आणि ऑइलच्या वाटा रुंद. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या गाड्यांत हायड्रॉलिक टॅपेट किंवा व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा असते आणि ती ऑइलच्या दाबावर चालते. तिथे जाड ऑइल अडचण करतं.

हे मी पैसे घालवून शिकलोय. निवृत्तीनंतर एक दहा वर्षांची गाडी घेतली. विकणाऱ्याने चालवून दाखवली, धूर नाही, आवाज नाही. पहिल्यांदा ऑइल बदललं तेव्हा निघालं ते काकवीसारखं घट्ट. तेव्हाच खटकायला हवं होतं. मी पुस्तिकेप्रमाणे 5डब्ल्यू-30 भरलं. आठशे किलोमीटरांत ऑइलची पट्टी खालच्या खुणेवर आली, आणि रोज सकाळी स्टार्ट करताना निळा धूर. म्हणजे इंजिन आधीपासून ऑइल खातच होतं, फक्त जाड ऑइलने ते झाकलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, "पळैय वंडी, सार." जुनी गाडी आहे, जाडच टाका. मी ऐकलं. धूर कमी झाला, पण सकाळी टॅपेटची कटकट सुरू झाली, अ‍ॅव्हरेज उतरलं, आणि साताऱ्याला निघालो तर वेल्लोरच्या पुढे इंजिनचा दिवा लागला. हजारेक किलोमीटरांपैकी दीडशेही झाले नव्हते, सौ. शेजारी, मागे पुतणीच्या लग्नाचं सामान. तिथून परत फिरलो आणि बसने गेलो.

शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने व्हॉल्व्हचे सील बदलले. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी निळा धूर काढला आणि मग तो थांबला, तर बहुधा हेच सील गेलेले असतात. सगळं इंजिन खोलायची गरज नसते. वेग घेताना सतत निळा धूर येत असेल तर संशय पिस्टन रिंगांवर घ्यायचा, आणि ते काम महाग. ऑइल बदलून यातला कोणताही दोष बरा होत नाही, तो फक्त दिसेनासा होतो.

मग काय करायचं? गाडीची पुस्तिका काढा. जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत बहुधा एकच ग्रेड नसते, बाहेरच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो. घेतल्या घेतल्या ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, तक्त्यातली पातळ ग्रेड भरा आणि दर रविवारी पट्टी बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून. बहुतेक गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत सुमारे एक लिटरचं अंतर असतं, त्यावरून हिशेब लागतो. हजार किलोमीटरांत अर्ध्या लिटरच्या आत खपत असेल तर मी ग्रेड बदलणार नाही. त्याहून जास्त असेल आणि गळती नसेल, तर तक्त्यातल्याच पुढच्या पायरीवर जा, 10डब्ल्यू-40 सारख्या. माझी गाडी सील बदलल्यावर त्याच ग्रेडवर चालते आणि हजाराला पाव लिटरही खात नाही.

फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी 'फर्स्ट परेड' असते. ऑइल, पाणी, टायर, ब्रेक बघितल्याशिवाय ड्रायव्हर चाक हलवत नाही. घरच्या गाडीला आपण हे करत नाही, कारण डॅशबोर्डवर दिवा आहे ना! पण तो लाल दिवा बहुतेक गाड्यांत ऑइलचा दाब पडल्यावर लागतो, ऑइल कमी झाल्यावर नव्हे. तो लागेपर्यंत बेअरिंगचं नुकसान झालेलं असू शकतं.

डब्यावर एपीआयची अक्षरंही असतात. पेट्रोलसाठी 'एस'ने सुरू होणारी: एसएल 2001 सालची, एसएन 2010 ची, एसपी 2020 ची. पुस्तिकेत एसएल लिहिलं असेल तर एसपी बिनधास्त चालतं, उलटं मात्र करू नका. अपवाद खूप जुन्या, सपाट टॅपेटच्या इंजिनांचा. त्यांना जस्त-फॉस्फरसचं संरक्षण जास्त लागतं, आणि पातळ ग्रेडच्या नव्या ऑइलमध्ये फॉस्फरसवर मर्यादा आहे, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. आपल्याकडे चेन्नईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर 1995 पासून सक्तीचा झाला. त्याआधीची पद्मिनी कुणी जपून ठेवली असेल, तर तिला मात्र 20डब्ल्यू-50 मिनरलच द्या. डिझेलवाल्यांनी 'सी'ची अक्षरं बघावी. त्यांचं ऑइल चार दिवसांत काळं पडतं, त्याला घाबरू नये, काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे.

सिंथेटिकने जुनी गाडी गळायला लागते, असं म्हणतात. कडक झालेल्या सीलभोवतीचा गाळ धुऊन निघाला तर आधीची फट उघडी पडते, इतकंच. परवडत असेल तर घाला, पण वेळेवर बदललेलं साधं ऑइल दोन वर्षं ओढलेल्या सिंथेटिकपेक्षा केव्हाही बरं. रोज तीन किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्या गाडीत ऑइल पुरतं तापत नाही, ओल आत साठते. तिथे किलोमीटर मोजू नका, वर्षाला एकदा बदला.

आमच्या भागासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. डिसेंबर 2015 च्या पुरात आणि 2023 च्या मिचाँग वादळात चेन्नईतल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या, आणि अशा गाड्या फिरत फिरत कुठेही विकायला येतात, पुण्यातसुद्धा. पट्टीवरचं ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी आहे किंवा हेड गॅस्केट गेलंय. फक्त झाकणाच्या आत थोडा पिवळट फेस असेल तर तो कमी अंतराच्या चालीचा असू शकतो.

नागपूरच्या मुलाची पट्टी आम्ही रविवारी खाली पार्किंगमध्ये बघितली. ऑइल घट्ट होतं आणि वरच्या खुणेच्याही बोटभर वर भरलेलं. आता शनिवारी ते काढून पुस्तिकेप्रमाणे भरायचं ठरलंय, आणि पहिले हजार किलोमीटर वहीत लिहायचे.