एरियान-५ : चुकीच्या खान्यातला आकडा

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या कुरू तळावर सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. आपल्याकडे संध्याकाळचे सहा. याच तळावरून आदल्या डिसेंबरात आपला इन्सॅट-२सी उपग्रह एरियान-४ अग्निबाणाने अवकाशात नेला होता. आज नव्या, दांडग्या एरियान-५ चे पहिले उड्डाण होते.

३६ सेकंद सारे सुरळीत चालले. मग अग्निबाण एकाएकी वळला, हवेच्या माऱ्याने फाटू लागला आणि त्यातल्या स्वयंस्फोट यंत्रणेने त्याचा चुराडा केला. चार क्लस्टर उपग्रहांसकट त्याचे तुकडे सुमारे १२ चौरस किलोमीटरच्या दलदलीत आणि माळावर पडले.

फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लिओंस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसले. इंजिनांची तोंडे पुरती एका बाजूला वळली होती, हे नोंदींवरून दिसत होते. हुकूम मुख्य संगणकाचा होता. पण त्याने तो का दिला? अग्निबाण तर तोवर सरळच चालला होता! उत्तर दलदलीत पडले होते. दिशा आणि वेग मोजणारी दोन्ही उपकरणे, एक मुख्य आणि एक राखीव, अवशेषांतून शोधून काढली गेली, त्यांची स्मृती वाचली गेली आणि दोष उघडा पडला.

आडव्या वेगाशी निगडित एक आकडा ६४ बिटांच्या दशांश प्रकारात होता. प्रोग्रॅम तो १६ बिटांच्या पूर्णांकात बसवू पाहत होता. त्या खान्यात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. प्रोग्रॅम एरियान-४ वरून जसाच्या तसा उचललेला. तिथे आकडा कधी एवढा वाढलाच नव्हता. एरियान-५ आडवा वेग फार लवकर घेत होता. आकडा मावेना, तेव्हा उपकरणाने स्वतःला बंद करून घेतले. राखीव उपकरणातही तोच प्रोग्रॅम होता, त्यामुळे ते काही मिलिसेकंद आधीच बंद पडले होते. सर्वांत चटका लावणारी गोष्ट म्हणजे, ही आकडेमोड उड्डाणापूर्वीच्या जुळवणीची होती. जमीन सोडल्यावर तिचा काडीचाही उपयोग नव्हता. न मावण्याचा धोका असलेल्या सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवण्यासाठी तिघांना दिले नव्हते.

तरीही माझ्या मते खरा घात यापुढचा आहे. बंद पडताना उपकरणाने आपल्यात काय बिघडले, याचा निदान-संदेश पाठवला. तो दोष शोधणाऱ्या अभियंत्यांसाठी होता. मुख्य संगणकाने तो अग्निबाणाच्या स्थितीचे मोजमाप समजून वाचला आणि नसलेला कल दुरुस्त करायला निघाला. शिरूर-दौंडच्या ऊस पट्ट्यात वजनकाट्याच्या पडद्यावर बिघाडाचा क्रमांक उमटावा आणि कारकुनाने तोच उसाचे वजन म्हणून पावतीवर लिहावा, तसे हे झाले. दोष दाखवायला ठेवलेली सोयच दोषाहून घातक ठरली.

मंडळाने ही सारी साखळी संगणकावर पुन्हा घडवून पाहिली आणि १९ जुलै १९९६ ला अहवाल दिला. क्लस्टर उपग्रह नव्याने बांधून २००० साली सोयुझ अग्निबाणांनी पाठवावे लागले.

रांजणगावच्या आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत आज यंत्रे प्रोग्रॅमवरच चालतात, आणि शिरूर-दौंडची कितीतरी मुले-मुली असे प्रोग्रॅम लिहायला शिकत आहेत. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. आकडा एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेताना तो मावला नाही तर काय होईल, ते आधी लिहून ठेवा. बिघाडाचा संदेश मोजमापाच्या वाटेने कधीही पाठवू नका. आणि जुना, वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चढवण्याआधी त्या यंत्राच्याच आकड्यांवर चालवून पाहा. एरियान-५ च्या बाबतीत नेमकी हीच चाचणी राहून गेली होती.