पिलबाग हा वेगळा क्लास नव्हे

समजा, रावेर-सावद्याकडच्या केळीखरेदीचं सॉफ्टवेअर करायचंय. क्लास डायग्राम काढायला बसलं की वर 'बाग' असा चौकोन येतो आणि खाली पोकळ त्रिकोणाच्या बाणाने जोडलेले तीन: मृगबाग, कांदेबाग, पिलबाग. दिसायला झकास. प्रकार आहेत म्हणजे सबक्लास आलेच, हा समज.

पण मृगबाग लागते जून-जुलैत, कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात. एवढ्या फरकाला 'लागवडीची तारीख' हे ॲट्रिब्यूट पुरतं. पिलबागेची गंमत वेगळीच. घड कापला, बुंध्याजवळचं पिल राखलं, की तीच बाग पुढच्या पिकाला पिलबाग होते. शेत तेच, मालक तोच. जावात मात्र एकदा तयार झालेला ऑब्जेक्ट आपला क्लास बदलू शकत नाही. मग जुनी बाग पुसून नवी जन्माला घालायची? आणि तिच्या खतापाण्याच्या नोंदी? 'शेतकरी' आणि 'व्यापारी' यांना 'व्यक्ती'चे सबक्लास केलं तरी हेच दुखणं. स्वतःची बाग असलेला माणूस शेजाऱ्याचा मालही घेतो. या भूमिका आहेत. त्या व्यक्तीला बाहेरून जोडाव्यात.

भाग दिसला की काळा डायमंड, हाही एक समज. घडात फण्या असतात, कबूल. पण काळ्या डायमंडचा अर्थ असा की अख्खी वस्तू पुसली की तिचे भागही पुसले जातात. इथे तर घड मोडल्यावरच फण्या खोक्यात जातात! साधी रेघ ओढा. काळा डायमंड शोभतो खरेदीपावती आणि तिच्यातल्या ओळींना. पोकळ डायमंडचा नेमका अर्थ यूएमएलनेच, म्हणजे या डायग्रामच्या खुणांच्या भाषेनेच, मोकळा सोडलाय. मी तो काढतच नाही.

'ही डेटाबेसची टेबलंच की!' नाही. फॉरेन की इथे लिहायची नसते, ते काम रेघ करते. शिवाय चौकोनाच्या तिसऱ्या कप्प्यात मेथड असतात: आपली एकूण रक्कम पावतीनेच काढायची.

राहिला 'आधी पूर्ण डायग्राम, मगच कोड' हा समज. बूच, रंबॉ आणि जेकबसन यांच्या पद्धती एकत्र येऊन घडलेली यूएमएल ही खुणांची भाषा ओएमजी या मानकसंस्थेने १९९७मध्ये स्वीकारली. कामाचा क्रम ती ठरवत नाही. व्यापाऱ्यासमोर पेन्सिलीने काढलेले चार चौकोनही चालतात. एका बागेच्या पावत्या किती, असं त्याला विचारा. कटाई टप्प्याटप्प्याने होते, म्हणजे अनेक. आणि अजून कोयता न लागलेली बाग? म्हणून रेघेच्या पावतीकडच्या टोकाला १..* नको, ०..* लिहा.