बाबांची डबी

आमचे बाबा गिरणीत रिंग खात्यात होते. यंत्रांचा धडधडाट पाव शतक कानांवर झेलून ते घरी बसले, तेव्हा ऐकू येणे निम्म्यावर आले होते. आम्ही भावंडांनी पैसे जमवून कानाचे मशीन आणले. चार दिवस लावले, मग ते डबीत गेले. आम्ही चिडायचो, "एवढे पैसे घातले, लावायला काय होते?" बाबा नुसता हात हलवायचे. २०११ साली ते वारले. तीन वर्षांपूर्वी माझ्याही दोन्ही कानांत मशीन आले, तेव्हा तो हात मला कळला.

लोकांना वाटते, चष्मा लावला की दिसते, तसे मशीन लावले की ऐकू येते. तसे नाही. मशीन आवाज मोठा करते. पण आतल्या कानातील नाजूक पेशी एकदा गेल्या की त्या परत येत नाहीत. त्यामुळे आवाज येतो, शब्द येत नाही. स, श, त, क ही बारीक अक्षरे आधी गळतात. जयंतीच्या वर्गणीची पावती फाडताना एका गृहस्थांचे "सातशे" मला "आठशे" ऐकू आले. त्यांनी पावती सर्वांसमोर वर धरली. चूक लगेच दुरुस्त केली, पण हिशेबाच्या माणसाला ते फार लागते. आता मी आकडा कागदावर लिहून घेतो.

मंडळाच्या बैठकीत पंखा, खुर्च्यांची ओढाताण, पोरांचा गलका हे सगळे एकदमच कानात शिरते. तिघे एका वेळी बोलले की मी हसून मान डोलावतो. कशाला होकार दिला, ते घरी गेल्यावर कळते! साचा कानात नीट बसला नाही तर मशीन शिट्टी मारते, शेजारचा वळून पाहतो. पावसाळ्यात घाम आणि ओल आत जाते. सेल तर भर कामात संपतो. त्याच्यावरचा चिकट कागद काढला की हवा लागून तो सुरू होतो. कागद परत चिकटवून शिल्लक ठेवता येत नाही.

वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तिथे कान तपासतात. केंद्राच्या 'एडिप' योजनेतून अटीत बसणाऱ्यांना मशीन मिळते. उत्पन्नाचा दाखला व इतर कागद लागतात, ते आधी विचारून घ्यावेत. मात्र मशीन दिले आणि काम संपले असे घरच्यांनी समजू नये. ते जुळवून घ्यायला पुन्हा पुन्हा जावे लागते. बाबांना आम्ही दुसऱ्यांदा नेलेच नाही.

माझी पत्नी आता स्वयंपाकघरातून हाक मारत नाही. समोर येते, तोंड दिसेल असे उभी राहते आणि बोलते. ओरडत नाही, ओरडल्याने शब्द आणखी फाटतो. नाही कळले तर तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगते. धाकटा मात्र अजून पाठमोरा बोलतो आणि "जाऊ द्या, काही नाही" म्हणतो. या "काही नाही"चा मला सर्वांत जास्त राग येतो.

गेल्या महिन्यात आईच्या ट्रंकेत बाबांची डबी सापडली. सेल आतच सडून हिरवा झाला होता. मी तो काढून टाकला, मशीन कोरड्या फडक्याने पुसले आणि डबी माझ्या टेबलावर ठेवली आहे.