नव्या करमणुकीची समीक्षा कोण करणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी अ‍ॅनिमे चित्रपट भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा नववीतल्या माझ्या मुलीने विचारले, “बाबा, बघायला जाऊ?” भित्तिपत्रकावर उपसलेल्या तलवारी, नावातच राक्षस. नाही म्हणावयास कारण नव्हते आणि हो म्हणावयास आधार नव्हता. तो आधार घरी येणाऱ्या मराठी दैनिकांत शोधला. निदान मला तरी सापडला नाही.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक गोष्ट दाखवून दिली. मालाचा कस विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असेल, तर चांगल्या मालाला त्याची किंमत येत नाही आणि तोच बाजारातून उठतो. करमणुकीचा माल तर वापरल्यावाचून कळतच नाही. ही उणीव परीक्षक भरून काढतो. तो नसला की पालकाच्या हाती सरसकट बंदी किंवा सरसकट दुर्लक्ष एवढेच उरते. आणि मुलांना मार्गदर्शक म्हणून उरते ती जाहिरात.

अखेर मीच तिच्याबरोबर गेलो. चित्रपट अडीच तासांहून मोठा आणि तीन भागांतला पहिला. आधीची मालिका न पाहिलेला माझ्यासारखा प्रेक्षक पहिल्या अर्ध्या तासातच वाट चुकतो. ऐन लढाई थांबवून प्रत्येकाचा पूर्वेतिहास सांगण्याची पद्धत तर गतीला मारकच आहे. पण त्याच पद्धतीत या कृतीचे मोठेपणही आहे. अकाझा नावाचा क्रूर राक्षस पूर्वजन्मी नव्हे, याच जन्मी माणूस होता. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा पोरगा. दारिद्र्याचे अर्थशास्त्र शिकवताना मी जे आकडे फळ्यावर मांडतो, त्यांचा चेहरा मला तेथे दिसला. हे सारे मला कळले, कारण मुलगी शेजारी बसून हलक्या आवाजात, स्वच्छ मराठीत संदर्भ सांगत होती. (त्याबद्दल पुढच्या रांगेतील गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिले, ही गोष्ट अलाहिदा!) चित्रपट मात्र जपानी, इंग्रजी, हिंदी, तामिळ आणि तेलुगू भाषांतच आला होता.

आमच्या पिढीला हा प्रकार नवा वाटतो, तोही अज्ञानापोटी. १९९३ मध्ये दूरदर्शनवर दाखवले गेलेले ‘जंगल बुक’ जपानीच होते. शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज होता, म्हणून आम्ही ते आपलेच समजून बसलो.

उपेक्षित प्रकाराला जाणत्या वाचकाची दखल काय देऊ शकते, हे मराठीने अनुभवलेले आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडेच आले.

आमच्या मानपाड्यात (हा ठाण्याचा, घोडबंदर रस्त्यावरचा, डोंबिवलीचा मानपाडा रस्ता वेगळा) आमच्या इमारतीतली पाच-सहा मुले रविवारी दुपारी सोसायटीच्या कार्यालयात जमतात आणि ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. हा खेळ अमेरिकेत १९७४ सालीच निघाला. एकाने प्रसंग सांगायचा, इतरांनी आपापल्या पात्राने काय करावे ते ठरवायचे, यशापयश फाशांवर. पडदा नाही की यंत्र नाही. जानेवारी २०२३ मध्ये, परवान्याच्या अटी बदलण्याचा प्रकाशकांचा बेत खेळाडूंनी हाणून पाडल्यावर, मूळ नियमांचा मोठा भाग सर्वांसाठी खुला झाला. कर्त्याचा उल्लेख करून त्याचे मराठी भाषांतर कोणालाही करता येईल. नियमांचा बराच भर मारामारीवर आहे, हा माझा आक्षेप. त्यावर मुलांनी बिनतोड उत्तर दिले की, गेल्या रविवारी त्यांनी राक्षसाशी तहच केला होता.

त्या खेळाचे परीक्षण मी मुलीला लिहावयास सांगितले आहे. दीड पान झाले. पात्राची उरलेली शक्ती मोजणाऱ्या ‘हिट पॉइंट’साठी शब्द कोणता, म्हणून मी शब्दकोश काढत होतो. तिने तोवर लिहूनही टाकले होते : ‘जीव’.